विश्लेषण : घोट्याच्या फ्रॅक्चरला ज्यांचे नाव, त्या पर्सिव्हल पॉट यांचा पाय कापण्यापासून कसा वाचला?

पाय मुरगळून घोट्याजवळचे हाड मोडले की एक्स-रे निघतो आणि डॉक्टर पर्याय सांगू लागतात : प्लेट, स्क्रू, रॉड, बाहेरून लावायची चौकट किंवा नुसते प्लास्टर. केसपेपरवर आजही अनेकदा ‘पॉट्स फ्रॅक्चर’ असे दोन शब्द लिहिलेले असतात. हे पॉट म्हणजे अठराव्या शतकातील लंडनचे ख्यातनाम सर्जन पर्सिव्हल पॉट. त्यांच्या काळी प्लेट नव्हती, स्क्रू नव्हता, भूल नव्हती, एक्स-रे नव्हता आणि जंतुसंसर्ग कशाने होतो हेही कुणाला ठाऊक नव्हते. अशा काळात त्यांचा स्वतःचाच पाय मोडला. हाड कातडीबाहेर आले आणि तो पाय कापण्याची हत्यारे मांडूनही झाली. तो पाय कसा वाचला आणि पुढे त्यातून काय निघाले, याचा हा आढावा.

पर्सिव्हल पॉट कोण होते?

पॉट यांचा जन्म जानेवारी १७१४ मधला, लंडनच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवरचा. आज त्या ठिकाणी बँक ऑफ इंग्लंडची इमारत आहे. दस्तऐवज लिहिण्याचा व्यवसाय असलेले वडील ते लहान असतानाच वारले. घरची स्थिती बेताची झाली, पण नात्यातल्या एका बिशपने हात दिला आणि मुलाचे शिक्षण झाले. त्याने धर्मोपदेशक व्हावे अशी नातेवाइकांची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. त्याला मात्र शस्त्रक्रियेची ओढ होती. १७२९ साली सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयाचे सर्जन एडवर्ड नोर्स यांच्याकडे तो उमेदवारीला लागला. मुदत सात वर्षे, फी सुमारे २१० पौंड. ही रक्कम त्या काळी लहान नव्हती. नोर्स शरीररचनेची व्याख्याने देत आणि त्यासाठी लागणारी विच्छेदने करून ठेवण्याचे काम या शिष्याकडे असे. पुढे ज्या हातांची लंडनभर ख्याती झाली, ते हात असे तयार झाले. नोर्स हे नाव लक्षात ठेवावे, कारण सत्तावीस वर्षांनी हेच गुरू एका निर्णायक क्षणी खोलीत येतात.

त्या काळी सर्जन म्हणजे आजच्यासारखा मानाचा डॉक्टर नव्हे. लंडनमध्ये न्हावी आणि सर्जन यांची एकच कंपनी होती. आपल्याकडे तुंबडी लावण्याचे काम न्हाव्याचे असे, त्याच जातकुळीतली ही गोष्ट. पॉट यांनी १७३६ साली याच कंपनीकडून सनद घेतली. १७४५ मध्ये सर्जन न्हाव्यांपासून वेगळे झाले आणि त्याच सुमारास पॉट बार्थोलोम्यूजमध्ये सहायक सर्जन झाले. १७४९ पासून पूर्ण सर्जन. नव्या कंपनीने १७५३ मध्ये शरीररचनेच्या पहिल्या व्याख्यात्यांत त्यांना नेमले. जॉन हंटर हे पुढे जगप्रसिद्ध झालेले सर्जन १७५१ च्या सुमारास त्यांच्याच हाताखाली शिकले. १७४६ साली त्यांचे लग्न सारा क्रटेन्डन यांच्याशी झाले. संसार मोठा होता, पाच मुलगे आणि चार मुली. एक मुलगा रॉबर्ट ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये आला होता. कोलकात्याचे वकील विल्यम हिकी यांच्या आठवणींत हा ‘बॉब पॉट’ अनेकदा भेटतो, पण ती गोष्ट वेगळी.

१७५६ मध्ये नेमके काय घडले?

अपघाताची हकीकत पॉट यांचे जावई आणि स्वतःही सर्जन असलेले जेम्स अर्ल यांनी लिहून ठेवली आहे. कडाक्याच्या थंडीचे दिवस होते. पॉट घोड्यावरून साउथवार्क भागातील केंट स्ट्रीटने चालले होते. घोड्याने त्यांना खाली टाकले. नडगीचे हाड मोडले आणि त्याचे टोक कातडी फाडून बाहेर आले.

कुणीही दुसरा असता तर चार माणसांनी त्याला उचलून जवळच्या गाडीत घातले असते. पॉट यांनी कुणाला हातही लावू दिला नाही. गाडीच्या धक्क्यांनी काय होते, हे त्यांना ठाऊक होते : हाडाची धारदार टोके आतल्या आत मांस, रक्तवाहिन्या आणि नसा कापत जातात आणि जखम दर धक्क्याला मोठी होते. गारठलेल्या रस्त्यावर ते पडून राहिले आणि खुर्चीची डोली वाहणाऱ्या दोन भोयांना त्यांच्या दांड्यांसह बोलावणे धाडले. भोई येईपर्यंतच्या वेळात त्यांनी एक दरवाजा विकत घेतला. भोई आले तेव्हा त्या दरवाजाला खालून दांड्या ठोकून घेतल्या, स्वतःला त्यावर ठेववून घेतले आणि त्या फळीवरून साउथवार्क ओलांडून, लंडन ब्रिजवरून, सेंट पॉलजवळच्या वॉटलिंग स्ट्रीटवरील घरापर्यंत ते पोहोचले. अंतर थोडेथोडके नव्हते.

आज अपघाताच्या जागी १०८ ची रुग्णवाहिका आली की कर्मचारी आधी पायाला स्प्लिंट लावतात, मग रुग्णाला कडक फळीवर सरकवतात आणि त्यानंतरच उचलतात. तेच काम त्या दिवशी एका दरवाजाने केले. फरक इतकाच, की सूचना देणारा स्वतःच जखमी होता.

पाय कापायचेच का ठरले होते?

घरी सर्जनमंडळी जमली आणि सल्लामसलत झाली. निर्णय झाला तो पाय कापण्याचा, आणि पॉट यांनीही त्याला संमती दिली. आजच्या वाचकाला हे क्रूर वाटेल, पण त्या काळच्या हिशेबाने ते तर्काला धरून होते. हाड कातडीबाहेर आले की जखमेत पू होणार, पाय सडणार, ताप चढणार आणि बहुधा माणूस जाणार, असा अनुभव होता. पाय गेला तर निदान जीव वाचण्याची शक्यता राहत असे. त्यामुळे उघड्या फ्रॅक्चरला लवकरात लवकर अवयव कापणे हा मान्य उपाय होता. भूल देण्याची सोय यायला अजून नव्वद वर्षे होती. शस्त्रक्रिया शुद्धीत आणि शक्य तितक्या घाईत करायची असे.

हत्यारे तयार झाली आणि तेवढ्यात नोर्स आले. त्यांनी पाय तपासला आणि तो वाचवता येईल असे त्यांना वाटले. हाडाचे बाहेर आलेले टोक कातडीतून आत घेणे शक्य होते आणि त्यांनी ते घेतले. जखम फार मोठी झालेली नव्हती. याचे श्रेय रस्त्यावर पडून राहण्याच्या त्या हट्टाला द्यावे लागते. मग दीर्घ काळ अंथरुणावर काढावा लागला. पाय वाचला आणि पॉट पुन्हा चालू लागले.

त्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी अंतर्गळ म्हणजे हर्नियावरचा ग्रंथ लिहिला आणि तो त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. तोवर त्यांच्या नावावर फारसे लेखन नव्हते. त्यानंतर मात्र लेखणी थांबली नाही : डोक्याच्या जखमा, भगंदर, अंडवृद्धी, मोतीबिंदू. कपाळाच्या हाडाच्या संसर्गाने येणारी मऊ सूज आजही ‘पॉट्स पफी ट्यूमर’ या नावाने शिकवली जाते. वयाच्या बेचाळिशीत मोडलेल्या पायाने एक लेखक घडवला, असे अर्ल सुचवतात. त्यात जावयाचे कौतुक थोडे मिसळले असेल, पण तारखा त्यांच्या बाजूने आहेत.

‘पॉट्स फ्रॅक्चर’ म्हणजे त्यांचे स्वतःचे फ्रॅक्चर का?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. पॉट यांचे मोडले होते ते नडगीचे हाड, तेही उघडे. ‘पॉट्स फ्रॅक्चर’ ही वेगळीच इजा असून तिचे वर्णन त्यांनी १७६० च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या फ्रॅक्चर आणि सांधे निखळण्याविषयीच्या छोट्या पुस्तकात आहे.

गुडघ्याखाली दोन हाडे असतात. आतले जाड हाड टिबिया आणि बाहेरचे बारीक फिब्युला. या दोघांची खालची टोके मिळून एक खाच तयार होते आणि तिच्यात टाचेवरचे टॅलस हे हाड बसते. सुताराच्या कामातल्या खाचेत कूस बसावी तसा हा सांधा आहे. घोट्याच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणारी उंचवट्यासारखी हाडे म्हणजे त्या खाचेच्या दोन भिंती. पॉट यांनी दाखवून दिले, की फिब्युला तिच्या खालच्या टोकापासून दोन-तीन इंच वर मोडते, त्याच वेळी आतल्या बाजूचा अस्थिबंध फाटतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला सरकते. त्यापूर्वी अशा रुग्णांकडे बहुधा नुसता सांधा निखळलेला म्हणून पाहिले जाई. सांधा जोर लावून बसवला जाई आणि तो पुन्हा सरके. मूळ दोष वर मोडलेल्या बारीक हाडात आहे, हे ओळखणे ही खरी पकड होती. एक्स-रे यायला तेव्हा सव्वाशेहून अधिक वर्षे होती. हे निदान बोटांनी चाचपून आणि शरीररचनेच्या ज्ञानावर केलेले आहे.

त्यातही एक उणीव होती. टिबिया आणि फिब्युला यांना घोट्याच्या वर एकमेकांशी बांधून ठेवणारा अस्थिबंधांचा पट्टा असतो. अशा इजेत तो अनेकदा फाटतो. पॉट यांनी त्याचा विचार केला नाही. तो पुढच्या शतकात फ्रेंच सर्जन द्युपित्रां यांच्या लेखनात आला. आज घोट्याच्या शस्त्रक्रियेत सर्वाधिक वाद ज्यावर होतात, तो भाग नेमका हाच आहे.

मग पॉट उपचार काय करत?

तुटलेले हाड जागेवरून कोण सरकवते, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांचे उत्तर होते : स्नायू. हाड मोडले की त्याला चिकटलेले स्नायू ताणले जातात, आकसतात आणि तुकडे एकमेकांवर ओढतात. त्या काळी हाड बसवणारे लोक पाय सरळ धरून, दोन्हीकडून माणसे लावून खेचत. जितके खेचावे तितका स्नायू प्रतिकार करी आणि रुग्ण किंचाळे. पॉट यांनी हा क्रम उलटा केला. गुडघा वाकवा, रुग्णाला कुशीवर निजवा, स्नायू आपोआप सैल पडतील, मग थोड्या ताकदीने हाड जागेवर येईल. शिवाय खपच्या बांधताना मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे त्यात यायला हवेत, नाहीतर बांधण्याला अर्थ नाही, असा त्यांचा आग्रह होता. सूज उतरेपर्यंत हाड तसेच ठेवण्याची रीतही त्यांना मान्य नव्हती.

कुशीवर निजवण्याची पद्धत पुढे मागे पडली, कारण आठवडेच्या आठवडे एका कुशीवर कोण पडून राहणार? पण घोटा निखळला असेल तर गुडघा वाकवून पोटरीचा स्नायू सैल करणे आणि मग सांधा बसवणे ही युक्ती आजही तातडीच्या विभागात वापरली जाते. वरचा-खालचा सांधा बांधण्याचा नियम तर प्रथमोपचाराच्या पहिल्या धड्यात असतो.

प्लेट आणि स्क्रू केव्हा आले?

पॉट यांच्या काळी हाड उघडून त्यात धातू बसवण्याचा विचार म्हणजे मृत्यूला आमंत्रणच. त्याआधी तीन अडथळे दूर व्हायला हवे होते. १८४६ मध्ये ईथरची भूल आली. १८६५ मध्ये ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी गाडीच्या चाकाखाली पाय आलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्ल वापरले. त्या मुलाची इजा पॉट यांच्यासारखीच होती : नडगीचे उघडे फ्रॅक्चर. सुमारे सहा आठवड्यांत तो बरा झाला आणि पाय कापावा लागला नाही. मग १८९५ मध्ये रॉन्टजेन यांनी क्ष-किरण शोधले.

त्यानंतर फार वेळ लागला नाही. हॅम्बुर्गच्या हान्समान यांनी १८८६ मध्येच हाडावर प्लेट बसवल्याचे प्रसिद्ध केले होते. लंडनमध्ये अर्बथनॉट लेन यांनी १८९० च्या दशकात नडगीची हाडे स्क्रूने जोडायला सुरुवात केली. त्यामागचे कारण सांगण्याजोगे आहे. वाकडे जुळलेले हाड घेऊन गोदीतल्या मजुरांना पुन्हा ओझे उचलता येत नसे आणि त्यांची मजुरी कायमची जाई, हे लेन पाहत होते. शस्त्रक्रियेत हाताच्या बोटांनी जखमेला स्पर्शच करायचा नाही, सगळे काम लांब दांड्यांच्या हत्यारांनी करायचे, ही त्यांची शिस्त होती. अँटवर्पचे आल्बाँ लांबोत व्हायोलिन बनवण्यात वाकबगार होते. प्लेट, स्क्रू आणि बाहेरची चौकट त्यांनी स्वतः घडवली आणि हाडे जोडण्याच्या या शास्त्राला नाव दिले. ब्रुसेल्सचे रॉबेर दानी यांनी हाडाचे तुकडे एकमेकांवर घट्ट दाबणारी प्लेट तयार केली. त्यांच्याकडून प्रेरणा घेऊन स्वित्झर्लंडच्या सर्जनांनी १९५८ मध्ये एओ हा गट स्थापन केला. आज जगभरात बसवल्या जाणाऱ्या प्लेट-स्क्रूंची परिभाषा मुख्यतः या गटाची आहे.

आज घोट्यापाशी कोणते पर्याय असतात?

पहिला प्रश्न शस्त्रक्रिया हवी की नको, हा. फिब्युला मोडली आहे, पण टॅलस खाचेत नीट बसलेला आहे आणि उभे राहून काढलेल्या एक्स-रेतही तो सरकत नाही, तर बूट किंवा प्लास्टर पुरते. सरकत असेल तर गोष्ट वेगळी. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात टॅलस केवळ १ मिलिमीटर बाहेर सरकला तरी सांध्यातील संपर्काचे क्षेत्र सरासरी ४२ टक्क्यांनी घटते, असे आढळले. तेवढ्याच जागेवर सगळे वजन आले की कूर्चा लवकर झिजते आणि काही वर्षांत सांधा दुखू लागतो.

बाहेरच्या फिब्युलासाठी सर्वात रुळलेला उपाय म्हणजे तुकडे दाबून धरणारा एक स्क्रू आणि त्याच्यावर पातळ प्लेट. हाडे ठिसूळ असतील तर स्क्रूचे डोके प्लेटमध्येच आटे घेऊन अडकते अशी लॉकिंग प्लेट वापरली जाते. ज्यांची कातडी पातळ आहे किंवा जखम भरण्याची खात्री नाही, त्यांच्यासाठी हाडाच्या पोकळीतून जाणारा बारीक रॉड हा पर्याय आहे. त्यासाठी लहान छेद पुरतो. आतल्या घोट्याला साधारणतः दोन स्क्रू लागतात. तुकडा फार लहान असेल तर तारा आणि वायरचा आकडा, आणि मोड उभी असेल तर तुकडा वर घसरू नये म्हणून टेकू देणारी प्लेट. मागच्या बाजूच्या तुकड्याबाबत मत बदलले आहे. पूर्वी तो सांध्याच्या पृष्ठभागाच्या चौथ्या हिश्शापेक्षा मोठा असेल तरच जोडत. आता सीटी स्कॅन पाहून लहान तुकडाही अनेकदा जोडला जातो, कारण दोन हाडांना बांधणाऱ्या अस्थिबंधाचे मूळ तिथेच असते.

पॉट यांच्या नजरेतून सुटलेला तो पट्टा फाटला असेल तर फिब्युलातून टिबियात आडवा स्क्रू घालतात किंवा दोन्ही टोकांना बटण असलेला मजबूत दोरा ओवतात. स्क्रू स्वस्त आणि परिचित आहे, पण तो सैल होतो किंवा तुटतो. काही ठिकाणी तो नंतर काढतात, मात्र तसा सरसकट नियम उरलेला नाही. दोऱ्यामुळे दोन हाडांची नैसर्गिक हालचाल थोडी राहते, पण त्याचा खर्च जास्त असतो. खर्चाचा प्रश्न इथे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावा.

उंचावरून पडून किंवा वाहनाच्या धडकेत टिबियाचे खालचे टोकच चुरडले असेल, तर हा मामला सर्वात अवघड. त्याला ‘पिलॉन’ फ्रॅक्चर म्हणतात. अशा वेळी पहिल्याच दिवशी मोठी चीर घेतली तर सुजलेली कातडी मरते आणि आतली प्लेट उघडी पडते. म्हणून आधी बाहेरून चौकट लावून पाय लांबीत धरतात आणि एक-दोन आठवड्यांनी कातडीवर पुन्हा सुरकुत्या दिसू लागल्या की प्लेट बसवतात. रशियातील कुर्गानच्या इलिझारोव्ह यांची कड्यांची चौकट हाही अशा रुग्णांसाठी पर्याय आहे. मोड सांध्याच्या किंचित वर असेल तर रॉड की प्लेट, हा वाद जुनाच. ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांतील रुग्णांच्या हालचालीत ठळक फरक दिसला नाही.

पॉट यांना ऐकायला आवडली असती अशी आणखी एक चाचणी ब्रिटनमध्येच झाली. साठीपुढच्या ६२० रुग्णांपैकी निम्म्यांच्या अस्थिर घोट्यावर शस्त्रक्रिया केली आणि निम्म्यांना भूल देऊन, हाड बसवून, पायाला अगदी चिकटून बसणारे प्लास्टर घातले. २०१६ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा सहा महिन्यांनंतरची स्थिती दोन्हीकडे जवळपास सारखी होती. प्लास्टरच्या गटात हाड वाकडे जुळण्याचे प्रमाण जास्त होते, शस्त्रक्रियेच्या गटात जखमेच्या तक्रारी जास्त. म्हणून वयस्क, मधुमेही किंवा धूम्रपान करणाऱ्या रुग्णाला डॉक्टरांनी प्लास्टर सुचवले तर ती टाळाटाळ समजू नये. मधुमेहात पायाची संवेदना गेलेली असेल तर मात्र उलटेही होते. तिथे नेहमीपेक्षा जास्त स्क्रू लागतात आणि वजन टाकण्याची परवानगी बरीच उशिरा मिळते.

हाड कातडीबाहेर आले असेल तर आजही ती घाईची वेळ आहे. जखमेवर स्वच्छ ओले कापड, पायाला आधार, शक्य तितक्या लवकर प्रतिजैविक आणि मग शस्त्रक्रियागृहात जखमेची सफाई, हा क्रम असतो. हळद, तेल किंवा माती लावू नये आणि हाड बसवून देणाऱ्याकडे तर अजिबात जाऊ नये.

मुलांच्या कर्करोगाशी आणि मणक्याशी पॉट यांचा काय संबंध?

पॉट यांचे नाव फक्त हाडांपुरते राहिले असते, तर ते वैद्यकाबाहेर फारसे कुणाला माहीत नसते. १७७५ साली त्यांनी लंडनची धुराडी साफ करणाऱ्यांवर काही पाने लिहिली. चार-पाच वर्षांची गरीब मुले या कामाला विकली जात. अरुंद, कधी कधी तापलेल्या धुराड्यात त्यांना चढवले जाई, भाजत, खरचटत आणि गुदमरत. मोठेपणी यांच्यापैकी अनेकांच्या अंडकोषाच्या पिशवीवर फोड येई. धंद्यातले लोक त्याला काजळीचा मस म्हणत, डॉक्टर गुप्तरोग समजून पारा देत. तो कर्करोग आहे आणि कातडीच्या वळ्यांत साचलेल्या काजळीमुळे होतो, हे पॉट यांनी स्पष्ट लिहिले. एखाद्या कामधंद्याचा कर्करोगाशी थेट संबंध जोडणारे हे पहिले लेखन मानले जाते. त्यांच्या गद्यात एरवी न दिसणारा कळवळा या पानांत आहे. त्यांनी मोहीम मात्र चालवली नाही. १७८८ मध्ये आठ वर्षांखालील मुलांना या कामावर घेण्यास बंदी करणारा कायदा झाला, तो कागदावरच राहिला. मुलांना धुराड्यात चढवणे खऱ्या अर्थाने बंद व्हायला १८७५ उजाडावे लागले. काजळी-डांबरातील कर्करोगकारक द्रव्य वेगळे काढले गेले ते १९३० च्या दशकात.

१७७९ चे लेखन आपल्याकडे अधिक परिचयाचे आहे. पाठीला कुबड आणि पायांत लुळेपणा एकत्र असलेल्या मुलांमध्ये मूळ रोग मणक्याच्या हाडात आहे, असे त्यांनी मांडले. हाच ‘पॉट्स स्पाइन’, म्हणजे मणक्याचा क्षय. पॉट यांना क्षयाचा जंतू माहीत असणे शक्य नव्हते, तो रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये शोधला. मणक्याच्या दोन्ही बाजूंना दाहक औषधाने जखमा करून त्या वाहत्या ठेवण्याचा त्यांचा उपाय आज कुणी करणार नाही. पण महाराष्ट्रातल्या कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात हे निदान अजून लिहिले जाते. क्षयाची औषधे हा मुख्य उपचार आहे आणि मज्जारज्जूवर दाब आला तर इथेही स्क्रू आणि रॉड लागतात.

अखेरची वर्षे कशी गेली?

मानसन्मान भरपूर मिळाले. १७६४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १७६५ मध्ये सर्जनांच्या कंपनीचे प्रमुखपद, १७८६ मध्ये एडिंबराच्या सर्जनांच्या महाविद्यालयाचे मानद सदस्यत्व. जोशुआ रेनॉल्ड्स यांनी त्यांचे चित्र काढले. शब्दकोशकार सॅम्युअल जॉन्सन यांनी १७८३ मध्ये आपल्या दुखण्यासाठी पॉट यांचाच सल्ला घेतला. जखमांना तापलेल्या लोखंडाने डागण्याची रीत लंडनच्या रुग्णालयांतून हद्दपार होण्यात त्यांचा वाटा मोठा होता, आणि त्यांच्या हयातीतल्या रुग्णांच्या दृष्टीने कदाचित हेच त्यांचे सर्वात मोठे काम असेल.

१७८७ मध्ये त्यांनी बार्थोलोम्यूज सोडले. विद्यार्थी म्हणून पाऊल ठेवले त्याला तेव्हा अठ्ठावन्न वर्षे झाली होती. खासगी रुग्ण पाहणे मात्र चालूच होते. डिसेंबर १७८८ मध्ये लंडनपासून सुमारे वीस मैलांवरच्या एका रुग्णाला पाहायला ते कडाक्याच्या थंडीत गेले. परतल्यावर ताप आला, तो अंगावर काढून त्यांनी आणखी रुग्ण पाहिले आणि २२ डिसेंबरला न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. बो लेनमधील सेंट मेरी ऑल्डरमेरी या चर्चमध्ये, आईच्या कबरीजवळ त्यांना पुरण्यात आले. दरवाजावरून ज्या घरी त्यांना आणले होते, तो वॉटलिंग स्ट्रीट तिथून काही पावलांवर आहे.